ओसरीवरचा आवाज

परभणीकडच्या जुन्या घरांत माणसं खरी राहतात ती ओसरीवर. आतल्या खोल्या देवाच्या, धान्याच्या, बाळंतिणीच्या. पाहुणा आला की ओसरीवर सतरंजी पडते, भाजी तिथंच निवडली जाते, सोयरिकीची बोलणी आणि भावकीची भांडणंही तिथंच होतात. पुढं अंगण, अंगणाच्या कडेला न्हाणी आणि वर माळवद. नव्या घरांत माळवदाच्या जागी स्लॅबची गच्ची आली, एवढाच फरक. नोकरीपायी परभणी शहरात प्लॉट घेऊन ज्यांनी घरं बांधली, त्यांनीसुद्धा दारापुढं चार माणसं टेकतील एवढा कट्टा ठेवलाच.

अशा घरात पुण्याहून मुलगा बिनतारी स्पीकर पाठवतो. ज्यांनी तो घडवला त्यांच्या डोळ्यांपुढं घर होतं ते बंद खिडक्यांचं, सोफ्याचं, कोपऱ्यात वायफायचा डबा असलेलं. आमच्याकडं तो त्या खोलीत बसून राहत नाही. सकाळी तो ओसरीच्या कट्ट्यावर असतो, कोणी अंघोळीला गेलं की न्हाणीच्या भिंतीवर, संध्याकाळी अंगणात, उन्हाळ्यातल्या रात्री गच्चीवर, आणि पौषात हुरड्याचा बेत ठरला की थेट शेतात. ऐकायचं ते उघड्यावर, चार माणसांत, ही आमची पिढ्यांची सवय आहे. ती मोडावी असं मला अजिबात वाटत नाही. चार भिंतींसाठी घडवलेल्या या वस्तूला आमचं अंगण झेपेल कसं, एवढंच पाहायचं आहे.

घरात ठेवायच्या बहुतेक स्पीकरांसोबत बारीक अक्षरांची एक पुस्तिका येते. तीत दोन गोष्टी हमखास असतात: कोरड्या जागी वापरावा आणि तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असावं. परभणीत एप्रिल निम्मा होईतो पारा ४० ओलांडतो आणि मे महिन्यात ४२ च्या आसपास रेंगाळतो, कधी त्याच्याही वर जातो. म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबानं आमच्या जिल्ह्यात वर्षातले दोनेक महिने हा स्पीकर सावलीत ठेवला तरी हद्दीबाहेरच असतो. उन्हात ठेवला तर बोलायलाच नको. काळ्या रंगाची, बंद पोटाची वस्तू दुपारी गच्चीच्या कठड्यावर राहिली तर हात लावता येणार नाही इतकी तापते. आत लिथियमची बॅटरी असते, आणि उष्णतेइतका त्या बॅटरीला दुसरा शत्रू नाही. ती आधी लवकर उतरू लागते, मग फुगते. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावणं म्हणजे घरात जाळ ठेवणं. तो स्पीकर त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीवाल्याकडं न्यावा.

लोक मात्र पावसाला भितात. ढग दिसला की स्पीकर आत पळवतात आणि वैशाखातल्या उन्हात तो तसाच सोडतात. स्टेशन रोडला ज्याच्याकडं मी दुरुस्तीसाठी जातो, त्या कारागिरानं मला याच्याही पलीकडची गोष्ट दाखवली. त्याच्या टेबलावर कोणाचा तरी खोललेला स्पीकर पडला होता. मी विचारलं, "पावसात भिजला का हो?" तो म्हणाला, "नाही सर. याला पाऊस नाही मारत. कूलर मारतो."

मग त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. स्पीकरच्या जाळीच्या भोकाभोकांत पांढरे कण बसलेले. जाळी काढल्यावर आतले बारीक स्क्रू तांबडे पडलेले, चार्जिंगच्या तोंडातल्या पिनांवर हिरवट थर. कागदाचा शंकू एका बाजूनं फुगलेला, त्याच्या कडेचा डिंक सुटलेला. शंकू एका अंगाला झुकला की त्याच्या मुळाशी असलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी लोहचुंबकाच्या खाचेत घासू लागते, आणि आपण म्हणतो आवाज खरखर करतो.

त्याचं म्हणणं मी घरी येऊन पडताळून पाहिलं आणि ते अक्षरशः खरं होतं. मार्च संपता संपता माळ्यावरचा लोखंडी कूलर खाली उतरतो, जुनं गवत काढून नवं भरतात, आणि खिडकीला लावतात. टाकीत पाणी असतं बोअरचं, क्षारांनी जड झालेलं. कूलर हवेबरोबर त्या पाण्याचे अगदी बारीक तुषार आत फेकतो. तुषारातलं पाणी उडून जातं, क्षार राहतात. खिडकीच्या गजांवर, टेबलाच्या काचेवर, टीव्हीच्या मागं तो पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला आहे. स्पीकर बहुतेक घरांत त्याच खिडकीच्या कट्ट्यावर असतो, कारण पिनची जागा तिथंच जवळ. कोकणातल्या माणसाला खारी हवा समुद्र देतो. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण चैत्र-वैशाखात आम्ही ती घरातच तयार करतो. या जिल्ह्यातली सगळ्यात दमट जागा उन्हाळ्यात अंगणात सापडत नाही, ती कूलरच्या तोंडाशी असते. मी स्वतः स्पीकरची जागा बदलली ती या शोधानंतर.

पावसाचं वेगळं आहे. आमच्याकडचा पाऊस कधी महिनाभर तोंड दाखवत नाही आणि कधी एका रात्रीत नदी-नाले एक करतो. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात झालेली अतिवृष्टी ज्यांनी पाहिली, ते ती विसरणार नाहीत. अशा पावसात कोणी स्पीकर अंगणात ठेवत नाही. नुकसान होतं ते रिपरिप चालू असताना. ओसरीला छप्पर असतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. वारा फिरला की झड आत येते आणि कट्ट्याच्या कडेचे दोन हात भिजतात. मातीच्या भिंती पाणी पितात, देवळीत ठेवलेली काडेपेटी सादळते, पापड मऊ पडतात. ज्या हवेत काडेपेटी पेटत नाही, त्या हवेत कागदाचा शंकू कोरडा राहील कसा? हल्ली बऱ्याच स्पीकरांत शंकू प्लास्टिकचा आणि कड रबराची असते. ते ओलीला बरेच तग धरतात. स्पंजासारख्या फेसाची कड असली तर काही वर्षांत तिचे तुकडे हातात येतात.

आवाजाचं आणि ओलीचं हे वैर आमच्या लोकांना नवीन नाही. श्रावणात गावाच्या देवळात हरिपाठाला बसायच्या आधी पखवाजवाला काय करतो ते जवळ बसून पाहण्यासारखं असतं. गवसणी उघडली की आधी तो पुडीवर तळहात फिरवतो, ठोकून बघत नाही. कातडं सादळलं आहे की नाही हे त्याला स्पर्शानंच कळतं. मग गठ्ठे हातोडीनं सारतो, वादी ताणतो, डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतो, आणि त्या कणकेत पाणी किती घालायचं हेही त्या दिवसाच्या हवेवर ठरवतो. हलगीवाल्याची रीत आणखी उघड. मिरवणूक निघायच्या आधी कडेला पाचट पेटवतात आणि हलगी त्या जाळावर धरतात. कातडं तापून ताणलं गेलं की तिच्या कडाडण्यात जीव येतो. तासाभरानं ती उतरली की पुन्हा जाळ. संबळ आणि दिमडी यांचीही तीच गत. या माणसांनी आपलं वाद्य कधी हवेपासून तोडून डबाबंद केलं नाही. हवा ओळखली, आणि वाद्याला रोज तेवढं जपलं. वाजवून झालं की गवसणी, गवसणीत घालून खुंटीवर.

त्यांच्याकडून शिकायचं ते हे रोजचं काढणं-ठेवणं. माझ्या मते आमच्या हवेत स्पीकर कायमचा बाहेर बसवण्याच्या भानगडीत पडूच नये. वाळवण जसं आपण सकाळी घालतो आणि संध्याकाळी गोळा करतो, तसा तो बाहेर न्यावा आणि आत आणावा. भिंतीत खिळा मारून ओसरीच्या आढ्याला टांगलेले स्पीकर मी काही घरांत पाहिले आहेत. एका घरी त्याच्या मागच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. आवाज का बसला हे घरच्यांना कित्येक दिवस कळलंच नाही. सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा, कापसाची बोंडं फुटल्यावर उडणारा तंतू आणि काळ्या रानाची धूळ, यांतून जे वाचतं ते मुंग्या आणि पाली पाहून घेतात.

मग दुकानदार विचारतात, वॉटरप्रूफ घ्यायचा का? त्या शब्दावर विसंबू नका, खोक्यावर 'आयपी' या दोन अक्षरांपुढं काय छापलं आहे ते वाचा. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात ही खूण ठरवलेली आहे. पहिला आकडा धुळीचा, तो जास्तीत जास्त ६. दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर स्पीकर कुठूनही उडालेले शिंतोडे सोसेल, ५ असेल तर नळीची धार, आणि ७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडाला तरी चालेल. धुळीच्या जागी 'एक्स' असेल तर धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही असं समजावं, आणि आमच्या जिल्ह्यात तो एक्स फार महत्त्वाचा. शेतात न्यायचा असेल तर आयपी ६७ घ्या, ओसरीपुरता असेल तर आयपीएक्स ४ पुष्कळ झाला.

पण या आकड्यांनी डोळे दिपू देऊ नयेत. चाचणी होते ती नव्याकोऱ्या वस्तूवर, साध्या पाण्यात. साबणाचं पाणी, बोअरचे क्षार, फवारणीचं औषध यांची हमी त्यात नाही. चार्जिंगच्या तोंडावर रबराचं झाकण असतं. आमच्या उन्हात ते कडक होऊन तडकलं किंवा घाईत नीट बसवलं गेलं नाही, की ६७ चा आकडा खोक्यावरच राहतो. आणि उन्हासाठी या सगळ्या मानकात आकडाच नाही. परभणीच्या माणसाला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते त्या खुणेत लिहिलेलं नसतं. पाण्यातून काढलेला स्पीकर भर उन्हात वाळत घालतात, तेही करू नये. पुसावा, तोंड खाली करून सावलीत, वाऱ्याला ठेवावा, आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नये.

वायरीवरून एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. काही घरगुती स्पीकर नावाला बिनतारी असतात, पण त्यांना वीज पिनमधूनच लागते. तो ओसरीवर आणायचा म्हणजे आतून वायरचा बोर्ड ओढून आणायचा. शहाबादी फरशी ओली, माणूस अनवाणी, आणि बोर्ड फरशीवर पडलेला, हे चित्र मी गणपतीच्या दिवसांत घरोघरी पाहतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. अशा घरात आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. माणसाच्या अंगातून विजेची गळती सुरू झाली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. स्पीकरच्या किमतीपेक्षा त्याचा खर्च फारसा जास्त नसतो. तो बसवलेला नसेल तर बाहेर फक्त बॅटरीवरचा स्पीकर न्यावा, दुसरा नको.

तसंही आमच्याकडं बॅटरीवाचून भागत नाही. पाऊस आला की लाईट जाते. लाईट गेली की वायफायचा डबा मुका होतो आणि त्याच्यावर चालणारे स्पीकरही. डबा चालू असला तरी जुन्या वाड्यांत त्याची लहर आतल्या खोलीतून ओसरीपर्यंत पोचेल याची खात्री नाही. दोन-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती ती गिळतात आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली की जास्तच गिळतात, कारण पाणी ही लहर शोषून घेतं. अंगणात माणसं दाटीनं बसली की फोन आणि स्पीकर यांच्यामधला ब्लूटूथचा धागा तुटतो, त्याचं कारणही हेच. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. यावर उपाय साधा आहे: फोन स्पीकरजवळ ठेवावा, बसणाऱ्यांच्या खिशात नाही.

आता आवाजाबद्दल. ओसरीवर स्पीकर आणला की पहिली तक्रार येते, खोलीत चांगला वाजत होता, इथं बारीक का लागतो? खोलीत भिंती, छत, फरशी तोच आवाज पुन्हा पुन्हा आपल्याकडं पाठवतात. उघड्यावर तो जातो तो जातोच. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते. त्यातही खर्ज आधी हरवतो, पखवाजाचं डावं अंग ऐकूच येत नाही. लोक मग आवाज वाढवत नेतात. त्याऐवजी स्पीकर अंगणाच्या मधोमध न ठेवता ओसरीच्या मागच्या भिंतीला, शक्य तर कोपऱ्यात ठेवून पाहावा. भिंत आणि जमीन मिळून खर्ज उचलून धरतात. जुन्या घरातली देवळी तर यासाठी फारच उत्तम, फक्त पावसाळ्यात तिच्यात ओल नाही ना, एवढं हात लावून बघावं.

हवासुद्धा आवाजाला रोज वेगळी वागणूक देते. कोरड्या हवेत बारीक, टोकदार आवाज लवकर विरतात. पाऊस पडून गेल्यावर देवळातले टाळ दूरवर लख्ख ऐकू येतात, ते यामुळं. दिवसा काळं रान तापतं, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्यामानानं थंड असते, म्हणून आवाज वर वळून निघून जातो. रात्री आकाश निरभ्र असलं की तेच रान भराभर थंड होतं, लगतची हवा गार होते, आणि आवाज पुन्हा जमिनीकडं वळतो. पौषातल्या रात्री शेजारच्या गावचं भजन इतकं जवळ का येतं, याचं उत्तर यात आहे. आणि एक सूचनाही: दुपारी चार वाजता अंगणापुरता वाटलेला आवाज रात्री दहा वाजता तीन घरं ओलांडतो, कोणी बटणाला हात लावलेला नसला तरी.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र मानतात. हे आकडे कोणाच्या घरी मोजले जात नाहीत. पण शेजारी बारावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं. ज्या जिल्ह्यानं लग्नाच्या वरातीतल्या भिंतीएवढ्या डीजेनं खिडक्यांची तावदानं हादरताना पाहिली आहेत, तिथं हातात मावणारा हा लहान स्पीकर मला मोठा सभ्य वाटतो. त्याचं सभ्यपण आपणच राखलं पाहिजे.

यंत्रातला आवाज बाहेर आणून एकत्र ऐकण्याची गोष्ट आपल्याकडं रेडिओनं शिकवली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली; माणसं संध्याकाळी एकत्र जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. तो प्रयोग पश्चिम महाराष्ट्राकडच्या जिल्ह्यांत झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला. पुढं परभणीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं आणि मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झची जागा इथल्या बोटांना अंधारातसुद्धा सापडू लागली. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रान्झिस्टर चामडी पिशवीत असे आणि ती पिशवी शेतात लिंबाच्या फांदीला. बाजारभाव, कृषी विद्यापीठाच्या माणसांचा सल्ला, भक्तिगीतं, सगळं औत चालता चालता. त्या रेडिओत एक गुण होता जो आजच्या स्पीकरांत नाही. दूर कुठं वीज चमकली की मध्यम लहरींवर कर्रकन् खरखर उठे. आभाळ डोक्यावर यायच्या आधी अण्णा कान देत आणि म्हणत, "चला, बैलं सोडा." मृगाच्या आधी वीज पडून माणसं-जनावरं दगावण्याचं आमच्या भागातलं प्रमाण पाहता तो फार मोलाचा इशारा होता. ब्लूटूथवर गाणं शेवटपर्यंत स्वच्छ वाजत राहतं. म्हणून शेतात तो लावून काम करणाऱ्यांनी गडगडाट ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा.

आमच्या घरच्या स्पीकरवर पहिले काही महिने जे वाजलं ते कुठंही वाजलं असतं. एका पावसाळी दुपारी मी त्यावर जात्यावरच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आता पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संस्थेकडं आहे, आणि तिच्या संकेतस्थळावर त्यातल्या काही ओव्या कोणालाही फुकट ऐकता येतात. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. तो लावला तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती.

"ही कुठली बाई गाऊ लागली रे?"

"ताडकळसची."

"मग आपल्यातलीच की. राहू दे, बंद नको करू."

ती ऐकत राहिली. हात चालू होते. एका ओवीनंतर म्हणाली, "आमच्यात हे असं नाही म्हणत, शेवट येगळा हाय," आणि तिनं आपला शेवट म्हणून दाखवला. समोरच्या काकू पदर डोक्यावर घेऊन पावसातून पळत आल्या, कट्ट्याला टेकल्या आणि त्यांनी तिसराच शेवट सांगितला, त्यांच्या माहेरचा, जिंतूरकडचा. दोघींची थोडी वादावादी झाली. स्पीकरवरच्या बाईंचं गाणं कधीच संपलं होतं आणि या दोघी एकमेकींना ओव्या घालत होत्या. आईला इतक्या ओव्या येतात हे मला माहीत नव्हतं. घरात पीठ गिरणीतून येऊ लागल्यापासून त्या ओव्यांना बसायला जागाच उरली नव्हती. बंद खोलीत, एकट्यानं, कानात बोंडं घालून मी हे ऐकलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. काकूंच्या कानावर गेलं, कारण ते ओसरीवर वाजत होतं.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव, आमच्याच जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठचं. दळण-कांडण करणाऱ्या बाईचं बोलणं सातशे वर्षं टिकवून धरण्याचा मान या मातीकडं आहे. ते टिकलं, कारण ते दुसऱ्या बाईच्या तोंडी गेलं. आता जाती अंगणाच्या कडेला पालथी पडली आहेत आणि त्या बायका सत्तरी-ऐंशीत आहेत. कंपन्या स्पीकर आणखी टणक करतील, पाण्यात टाकले तरी वाजतील असे तर ते आताच मिळतात. त्यांच्यावर लावायला या बायकांचे आवाज आपल्याजवळ असायला हवेत.

म्हणून परभणी जिल्ह्यातल्या, आणि खरं तर कुठल्याही गावातल्या, वाचकाला माझी विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत, आजोळी ओव्या येणारी बाई असेल तर येत्या दिवाळीला गावी गेलात की तिचा आवाज फोनवर घ्या. कूलर आणि पंखा बंद करा, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा, मधे बोलू नका, आणि चुकली तरी थांबवू नका. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि माहेर तिच्याच तोंडून म्हणवून घ्या. मग तो आवाज स्पीकरवर तिला ओसरीत बसवून ऐकवा, शेजारच्या बायकांना बोलवा, आणि दुसरा फोन तयार ठेवा, कारण त्या बायकाही गाऊ लागतील.